कंटेनरनं जग बदलणारा ट्रकवाला पुढे दिवाळखोर कसा झाला?

यशस्वी माणसं पहाटे उठतात, रिस्क घेतात, हार मानत नाहीत. अशा पोस्ट रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतात. लिस्ट ठरलेली, फोटो तेवढा बदलतो. पण पहाटे उठून, रिस्क घेऊन, हार न मानता साफ बुडालेली माणसंही जगात कमी नाहीत. त्यांची पोस्ट कोणी बनवत नाही, एवढंच.

म्हणून माल्कम मॅकलीन या अमेरिकन माणसाची गोष्ट बघण्यासारखी आहे. त्याच्या बाबतीत तुलनेसाठी दुसरा माणूस शोधावा लागत नाही. त्याच माणसानं, त्याच स्वभावाच्या जोरावर आधी जगाचा व्यापार बदलला आणि नंतर १ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज डोक्यावर घेऊन कंपनी बुडवली.

मॅकलीनचा जन्म १९१३ चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या मॅक्स्टन नावाच्या छोट्या गावातला. मंदीचा काळ होता, कॉलेजला पैसे नव्हते. पेट्रोल पंपावर नोकरी केली, सेकंडहँड ट्रक घेतला आणि माल वाहायला सुरुवात केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे ६०० हून जास्त ट्रक होते. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक कंपन्यांमध्ये त्याची गणना व्हायची.

आता त्याच्याबद्दल एक फेमस किस्सा सांगितला जातो. १९३७ साली तो कापसाच्या गाठी घेऊन न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरावर गेला. एकेक गाठ उतरवून जहाजात चढेपर्यंत त्याला तासन् तास ट्रकमध्ये बसून राहावं लागलं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर?

किस्सा भारी आहे, पण खरा असण्याची शक्यता कमी. कंटेनरचा इतिहास लिहिणारे मार्क लेव्हिन्सन यांना त्याचा त्या काळातला काही पुरावा सापडला नाही. हा प्रसंग मॅकलीननं स्वतःच कित्येक वर्षांनी सांगितलेला. आणि साधा प्रश्न आहे, १९३७ ला आयडिया सुचली असेल तर पुढची १५ वर्षं हा गडी काय करत बसला होता?

दुसरी गोष्ट म्हणजे, डब्यात माल भरून पाठवायची आयडिया मुळात त्याची नव्हतीच. युरोपातल्या रेल्वे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात असे डबे वापरत होत्या. अमेरिकन लष्कराकडे 'कोनेक्स' नावाचे लोखंडी डबे होते. डेन्मार्कच्या एका कंपनीनं १९५१ मध्ये डबे वाहणारी जहाजसेवाही सुरू केली होती. म्हणजे आयडिया सगळ्यांसमोर पडून होती.

मग ती चालत का नव्हती?

त्यासाठी तेव्हाचं बंदर डोळ्यासमोर आणावं लागेल. पोती, खोकी, पिंपं, गाठी, सगळं सुटं यायचं. ट्रकमधून गोदामात, गोदामातून धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजाच्या पोटात. प्रत्येक ठिकाणी गोदी कामगार तो माल पाठीवर किंवा हातगाडीवर घेऊन हलवणार. पोचल्यावर हाच सगळा खेळ उलटा. जहाज समुद्रात असायचं तेवढेच दिवस कधी कधी बंदरात उभं असायचं. वाटेत व्हिस्कीच्या पेट्या हलक्या व्हायच्या ते वेगळंच.

अशा जहाजात सुट्या मालाच्या ढिगात एखादा लोखंडी डबा टाकला, तर तो ढिगातला अजून एक अवजड नग होतो. डब्याचा फायदा मिळायचा तर जहाज, क्रेन, ट्रक, धक्का सगळंच डब्याच्या मापाचं व्हायला हवं. जहाज कंपन्या त्या भानगडीत पडत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्यांचा धंदा जहाज चालवण्याचा होता.

मॅकलीन ट्रकवाला. त्याच्या लेखी धंदा होता माल इथून तिथे पोचवण्याचा. जहाज असो की ट्रक, त्याला दोन्हींचं कौतुक नव्हतं. एका टनाला किती सेंट पडतात, एवढंच तो बघायचा.

१९५३ च्या आसपास त्याची अडचणही फार साधी होती. पूर्व किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर ट्रॅफिक वाढलं होतं आणि समुद्रमार्गे माल नेणाऱ्या कंपन्या स्वस्तात भाव देत होत्या. पहिला प्लॅन होता ट्रेलर चाकांसकट जहाजावर चढवायचा. मग लक्षात आलं, चाकं फुकटची जागा खातात आणि चाकं असलेले ट्रेलर एकावर एक रचताही येत नाहीत. चाकं काढली. उरला तो डबा.

त्याच्या माणसांनी बिअरचा हिशोब मांडला. न्यूअर्कहून मायामीला बिअर जुन्या पद्धतीनं पाठवली तर माल चढवण्याचा खर्च टनाला ४ डॉलर. डब्यातून पाठवली तर २५ सेंट. म्हणजे ९४ टक्के कमी.

पण तेव्हाच्या अमेरिकन नियमांनुसार ट्रक कंपनीच्या मालकाला जहाज कंपनी घेणं जवळपास अशक्य होतं. मॅकलीननं काय करावं? त्यानं आपली चालू, नफ्यातली ट्रक कंपनी सोडली. बँकेकडून ४.२ कोटी डॉलर उचलले आणि १९५५ मध्ये जहाज कंपनी घेतली. प्रेरणादायी पोस्टवाल्यांना हाच भाग आवडतो आणि हिंमत मोठीच होती यात शंका नाही. पण ही उडी मारण्याआधी बिअरचा हिशोब कागदावर होता, हे त्या पोस्टमध्ये येत नाही.

याहून कमी बोलला जाणारा माणूस म्हणजे कीथ टँटलिंगर. हा इंजिनियर. त्यानं १९४९ मध्येच रचता येणारे ॲल्युमिनियमचे डबे बनवले होते, पण फारशी गिऱ्हाइकं मिळाली नव्हती. मॅकलीननं त्याला थेट आपल्याकडे आणलं. डबे एकावर एक पक्के कसे बसवायचे, क्रेननं ते कसे पकडायचे, हा सगळा खटाटोप त्याचा. पनवेल-उरण रस्त्यावर एखादा कंटेनर शेजारी थांबला तर त्याचे कोपरे बघा. आठही कोपऱ्यांवर लांबट भोकं असलेले जाड लोखंडी ठोकळे दिसतील. त्या भोकात खालून खुंटी शिरते आणि फिरवली की लॉक होते. ही रचना टँटलिंगरच्या कामातून आली.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. क्रेन दर ७ मिनिटांनी एक डबा चढवत होती. हिशोब झाला तेव्हा सुटा माल चढवायला टनाला ५.८३ डॉलर लागायचे, तिथे १६ सेंटही लागले नव्हते. तिथे हजर असलेल्या कामगारांच्या एका पुढाऱ्याला, हे जहाज कसं वाटतं, असं विचारलं. त्याला ते बुडवावंसं वाटत होतं, आणि हे त्यानं शिवी घालून सांगितलं.

त्याचं चुकलं नव्हतं. पुढच्या २०-२५ वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडनच्या जुन्या गोद्या ओस पडल्या, हजारोंची कामं गेली. आपल्याकडेही १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोदीतला कंटेनरचा धंदा खाडीपलीकडे सरकत गेला. मॅकलीनच्या यशाच्या गोष्टीत ही माणसंही धरायला हवीत.

तरी १९६० पर्यंत कंटेनर हे एकट्यादुकट्या कंपन्यांचं खूळ होतं. त्याच्या 'सी-लँड' कंपनीचे डबे ३५ फुटी, पॅसिफिकमधल्या मॅटसन कंपनीचे २४ फुटी. एकाचा डबा दुसऱ्याच्या क्रेनला लागेना. तेव्हा टँटलिंगरच्या आग्रहावरून मॅकलीननं कोपऱ्याच्या रचनेच्या पेटंटवरचा हक्क सोडला. त्याच रचनेच्या आधारानं पुढे जगभराचं माप ठरलं. हातातलं पेटंट सोडणं हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

आणि मग नशीब. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराचा माल बंदरांत तुंबला होता. १९६७ मध्ये सी-लँडला कंटेनरनं तो पोचवायचं कंत्राट मिळालं. जातानाचे पैसे लष्कर देणार, येताना डबे रिकामे. मॅकलीननं जहाजं परतताना जपानला थांबवली. तिथे टीव्ही आणि रेडिओ अमेरिकेला जायची वाट बघत होते. युद्ध काही त्यानं घडवलं नव्हतं, पण रिकामे डबे त्याला दिसले.

१९६९ मध्ये सी-लँड आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीला विकली. मॅकलीनच्या हाती १६ कोटी डॉलर आले.

इथे गोष्ट थांबली असती तर ती नेहमीची सक्सेस स्टोरी झाली असती. पण विकायच्या सुमारास त्यानं अतिवेगवान जहाजांची ऑर्डर दिली होती. वेग ताशी ३३ सागरी मैल आणि तेल पिण्यात राक्षस. ती १९७२-७३ ला पाण्यात उतरली आणि लगेच तेलाचे भाव भडकले. फटका रेनॉल्ड्सला बसला. अखेर ही जहाजं अमेरिकन नौदलानं घेतली.

१९७८ मध्ये मॅकलीन 'युनायटेड स्टेट्स लाईन्स' ही कंपनी घेऊन पुन्हा मैदानात आला. आता त्यानं उलटा डाव टाकला. तेल महागच राहणार हे धरून दक्षिण कोरियात १२ प्रचंड, कमी तेल पिणारी, संथ जहाजं बांधून घेतली. खर्च ५७ कोटी डॉलर. ती पृथ्वीला पूर्वेच्या दिशेनं फेरी मारत राहणार होती.

जहाजं आली आणि १९८६ ला तेलाचे भाव कोसळले. संथपणाचा फायदा गेला, तोटा तेवढा राहिला. त्यात फेरी एकाच दिशेनं. ज्याचा माल उलट्या बाजूला जायचा, तो वाट कशाला बघेल? तैवानची एव्हरग्रीन कंपनी १९८४ पासून दोन्ही दिशांनी फेऱ्या मारत होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेड स्टेट्स लाईन्सनं दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज सुमारे १.२ अब्ज डॉलर.

हिंमत कमी पडली का? नाही. मोठा विचार, कर्ज काढायची तयारी, सगळं १९५५ सारखंच होतं. पण १९५५ चा डाव चढउताराच्या खर्चावर होता. तो खर्च मोजता येत होता आणि कमी करणं त्याच्याच हातात होतं. १९८० च्या दशकातला डाव तेलाच्या भावावर होता, जो कुणाच्याच हातात नसतो. शिवाय पहिल्या वेळी समोर पाठीवर पोती वाहणारी जुनी पद्धत होती. दुसऱ्या वेळी समोरच्या प्रत्येकाकडे कंटेनर होते, तेही त्यानंच सोडलेल्या पेटंटच्या मापाचे.

पुढे ती १२ जहाजं सी-लँडनंच विकत घेतली, म्हणजे मॅकलीननं उभ्या केलेल्या कंपनीनं. तिनं ती जास्त किफायतशीर रीतीनं चालवली. मॅकलीननं १९९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ट्रेलर ब्रिज नावाची आणखी एक मालवाहतूक कंपनी काढली. मे २००१ मध्ये तो वारला. अंत्यसंस्काराच्या सकाळी जगभरच्या कंटेनर जहाजांनी एकाच वेळी भोंगे वाजवले.