मोडण्यासाठी घडवलेली सुरी

बिल मोरान यांनी १९७६ मध्ये उभ्या केलेल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ची परीक्षा भलतीच कडक. लोंबता, इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. लाकूड दोनदा तोडायचे. मग त्याच धारेने केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते व्हाइसमध्ये आवळून ९० अंशांत वाकवायचे. तुटले की नापास!

यातली गोम पात्याला पाणी देण्यात आहे. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापलेले पोलाद तेलात बुडवले की त्यातला कार्बन स्फटिकांत अडकून पडतो. पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळ. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास शेकायचे आणि पाठ त्याहून जास्त तापवून मऊ करायची. धार टणक, पाठ चिवट.

‘जर्नीमन’ हा दर्जा मिळवायला ही परीक्षा पार करावीच लागते. ‘मास्टर’ व्हायचे तर हेच सगळे किमान ३०० थर घडवून जोडलेल्या ‘दमास्कस’ पोलादाच्या पात्यावर. विकता न येणाऱ्या सुरीवर एवढी मेहनत!