जुनी पाणबुडी मोटार घेताय? आधी सील बघा

विहिरीचं पाणी खाली गेलं, की गावोगाव जुन्या पाणबुडी मोटारींचे सौदे सुरू होतात. कुणाची बोअर आटलेली असते, कुणी नवीन मोटार बसवलेली असते. रंग मारलेली, दोन मिनिटं चालवून दाखवलेली मोटार आपण घेऊन येतो आणि पंधरवड्यात ती बसते. मग वाइंडरकडे चकरा आणि पीक उन्हात. पुष्कळदा मूळ दोष रबराच्या एका रिंगेत निघतो.

आपल्याकडच्या बऱ्याच पाणबुडी मोटारी पाण्याने भरलेल्या असतात. वाइंडिंगच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं; आतलं पाणी मोटार थंड ठेवतं, बुशांना वंगणाचंही काम करतं. म्हणून आत पाणी निघालं तर घाबरू नका. इथे सीलचं काम गाळ आणि रेती बाहेर ठेवायचं. तेलाने भरलेल्या मोटारीत मात्र पाण्याचा थेंबही जाता कामा नये.

सौद्याआधी भरणीचा प्लग काढायला लावा. पाणी गढूळ असेल, तळाशी रेती बसली असेल, तर वरचं सील गेलंय. पाणी काळं आणि जळका वास असेल तर वाइंडिंगही पोळलेलं समजा. तेलाच्या मोटारीत तेल ताकासारखं पांढरट दिसलं, म्हणजे पाणी शिरलं.

सील बदलताना आधी फ्यूज काढून ठेवा. ओ-रिंग बोटाने दाबून बघा. चपटी झालेली, कडक झालेली किंवा वाकवल्यावर भेगा दाखवणारी रिंग परत घालू नका. जुनी रिंग दुकानात सोबत न्यावी, अंदाजाने माप सांगू नये. रिंग काढताना लाकडी काडी वापरा. आम्ही एकदा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. खाचेला चरा पडला आणि नवी रिंग घालूनही झिरपणं थांबलं नाही!

ऑइल सील बदलायचं तर शाफ्टवरून नख फिरवा. सीलच्या ओठाने तिथे खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल, तर नवं सीलही टिकणार नाही. शाफ्टवर स्लीव्ह बसवून घ्यावी लागते. मेकॅनिकल सील असेल तर त्याचे दोन्ही भाग एकदमच बदला. त्यांच्या गुळगुळीत तोंडाला तेलकट बोट लावू नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. केबल जिथून आत जाते तिथलं रबर आणि तळाचा डायफ्राम बघायला लोक हमखास विसरतात.

पाण्याची मोटार पिण्याच्या स्वच्छ पाण्यानेच भरा. सावकाश भरा, बुडबुडे थांबू द्या, तासाभराने पुन्हा भर घाला.

खरी परीक्षा पुढे आहे. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने मोटार तपासून घ्या. मग ती रात्रभर हौदात बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा मेगर लावा. काटा बराच खाली आला तर केबलचा सांधा किंवा वाइंडिंग पाणी धरतंय. एक मेगओहमच्या खाली असेल तर ती मोटार विहिरीत सोडूच नका. अशा मोटारीची वीज पाण्यात उतरते. अर्थिंग नसेल तर फूटव्हॉल्व्ह बघायला किंवा गाळ काढायला उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच पाडा, कारण नंतर शोधा. मोटार ठीक असली तरी ती चालू असताना विहिरीत उतरू नये.

ग्रामपंचायतीच्या नळयोजनेलाही हेच लागू. दुरुस्तीच्या बिलासोबत बदललेली सीलं परत मागून घ्यावीत, मेगरचे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला यात दहा मिनिटं जातील.

आणि विकणारा मोटार हौदात बुडवू देत नसेल, तर भाव कितीही पाडला तरी दुसरी बघा.