गोष्ट सांगणाराच दगा देतो तेव्हा

रहस्यकथा वाचणारा माणूस सगळ्यांवर संशय घेतो. पुतण्यावर घेतो, बटलरवर घेतो, शेजारच्या विधवेवरही घेतो. सूट मिळते ती एकालाच, गोष्ट सांगणाऱ्याला. ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचक घरात शिरतो, प्रेत पाहतो, माणसे पारखतो. त्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवला तर पाहायचे कशाने? नेमका हा विश्वास ज्याच्याकडून मोडतो, त्याला समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात रूढ केली. प्रकार मात्र जुना आहे. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेतला खुनी आपण वेडे नाही असे इतक्या आवेशाने पटवू पाहतो की वाचक तिथेच सावध होतो.

वाचकाला सावध होऊ न देणारा निवेदक सर्वांत गाजला तो अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये. (या कादंबरीचे आणि आणखी दोन कादंबऱ्यांचे रहस्य पुढे उघड होणार आहे; ज्यांना त्या कोऱ्या मनाने वाचायच्या आहेत त्यांनी आधी त्या वाचाव्यात.) लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’मध्ये १९२५ साली क्रमशः आलेली ही गोष्ट १९२६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. किंग्ज ॲबट नावाच्या खेड्यात धनाढ्य ॲक्रॉइडचा खून होतो आणि निवृत्त होऊन तिथे भोपळे पिकवत बसलेला हर्क्यूल प्वारो तपास हाती घेतो. त्याचा नेहमीचा सोबती हेस्टिंग्ज अर्जेंटिनात असतो, म्हणून हकिगत लिहितो गावचा डॉक्टर शेपर्ड. शेरलॉक होम्सच्या कथांपासून वाचकाला डॉक्टर वॉटसनची सवय झालेली होती, त्यामुळे हा डॉक्टरही त्याच सरळ माणसांपैकी धरला गेला. खुनी तोच निघतो.

अनेक वाचक चिडले. ही फसवणूक आहे, असा त्यांचा आरोप होता. फसवणूक झाली का, हे ठरवायला कादंबरीच्या चौथ्या प्रकरणातला शेवटचा भाग जवळून पाहावा लागतो. नऊला वीस मिनिटे कमी असताना नोकर ॲक्रॉइडकडे एक पत्र आणून देतो. नऊला दहा कमी असताना डॉक्टर तिथून निघतो, तेव्हाही ते पत्र न वाचलेलेच असते. दाराशी तो थबकतो, मागे वळून बघतो आणि काही करायचे राहिले तर नाही ना, असा विचार करतो. एवढेच लिहिले आहे. मधली दहा मिनिटे कुठे गेली, हे कोणी विचारतच नाही, आणि खून त्याच दहा मिनिटांत झालेला असतो. यातला एकही शब्द खोटा नाही. महाभारतातल्या ‘नरो वा कुंजरो वा’चाच हा प्रकार: जे बोलले ते खरे, पण ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ घ्यावा हे आधीच हेरलेले. शेवटच्या प्रकरणात शेपर्ड स्वतःच ही वाक्ये काढून दाखवतो आणि आपल्या लेखनकौशल्यावर खूश होतो.

ख्रिस्ती यांनी आत्मचरित्रात हेच उत्तर दिले आहे: नीट वाचले तर लबाडी कुठेच सापडणार नाही. समकालीन लेखिका डोरोथी सेअर्स यांनी त्यांची बाजू घेतली. प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांत गुप्तहेराच्या सोबत्याने मनात आलेला विचार वाचकापासून लपवू नये, असाही एक नियम आहे.

वाचकाची पहिली प्रतिक्रिया राग असली, तरी दुसरी जास्त महत्त्वाची आहे. तो पाने उलटी चाळू लागतो. त्याच ओळी आता वेगळ्या दिसतात, आणि ‘मला तेव्हाच शंका आली होती’ असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. मराठीत याला पश्चातबुद्धी म्हणतात. निकाल कळला की तो आधीच दिसत होता असे मनाला वाटू लागते. बारूच फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ पासून प्रयोगांनी दाखवलेली गोष्ट हीच. म्हणून अशा वाचकाला खोटारडा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची आठवणच बदललेली असते.

अलीकडच्या मानसशास्त्रीय थ्रिलरमध्ये प्रतिक्रियांचा रोख बदलला आहे. गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’मध्ये (२०१२) बेपत्ता एमीची डायरी वाचून वाचक तिच्या नवऱ्याला दोषी धरतो, आणि पुस्तकाच्या मध्यावर कळते की ती डायरी नवऱ्याला अडकवण्यासाठीच रचलेली होती. पण वाद या कलाटणीवर झाला नाही. तो झाला शेवटावर, कारण एमीला शिक्षा होत नाही. लेखिकेने बाईला इतके दुष्ट का रंगवले, हाही आक्षेप आला. दुष्टपणा करण्याचा हक्क पुरुष पात्रांपुरताच का, असे फ्लिन यांचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधली (२०१५) रेचेल मात्र काही लपवत नाही. दारूमुळे तिला आठवतच नाही, आणि पूर्वीच्या नवऱ्याने त्या रिकाम्या जागांत खोटे भरून ठेवलेले असते. सुरुवातीला अनेकांना ती नकोशी वाटते. फसवली गेलेली तीच आहे हे कळल्यावर राग तिच्यावरून नवऱ्याकडे वळतो आणि थोडा स्वतःकडेही, कारण वाचकानेही तिला वेडीच ठरवलेले असते.

काही वाचक याही पुढे जातात आणि लेखकाच्या निकालावरच अविश्वास दाखवतात. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधल्या (१८९८) गव्हर्नेसला दिसणारी भुते खरी की तिच्या मनातली, हा वाद एडमंड विल्सन यांच्या १९३४ सालच्या लेखाने पेटला आणि अजून मिटलेला नाही. फ्रेंच प्राध्यापक पिएर बायार यांनी तर १९९८ मध्ये अख्खे पुस्तक लिहून प्वारोचा निष्कर्ष चुकीचा ठरवला. त्यांच्या मते खुनी शेपर्ड नसून त्याची बहीण कॅरोलिन आहे. निवेदक एकदा अर्धसत्य बोलला की त्याच्या कबुलीजबाबावर तरी विश्वास का ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न सहज झटकता येत नाही.

ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या सभासदांनी २०१३ साली आजवरची सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरी म्हणून ॲक्रॉइडचीच निवड केली. ती वाचून ज्यांना फसवल्यासारखे वाटले, त्यांनी पुस्तक कपाटात परत ठेवण्याआधी चौथे प्रकरण पुन्हा एकदा घड्याळाकडे लक्ष ठेवून वाचावे.