गॅस गेला कुठे?

बॉनेटच्या आत : भाग नववा

मार्च उजाडला की रस्त्याकडेच्या गॅरेजांवर ‘कार एसी गॅस चार्जिंग’चे फलक झळकू लागतात. गिऱ्हाईकही निदान घरूनच ठरवून येतं. ‘एसी गार करत नाही, जरा गॅस मारून द्या.’ गॅस मारला जातो, हवा गार येते, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात आणि वटपौर्णिमा यायच्या आत काचा पुन्हा खाली होतात. मग दुसरं गॅरेज, पुन्हा गॅस.

या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. आधीचा गॅस गेला कुठे? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, की इंजिन ऑइलसारखा खराब होऊन बदलावा लागत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत असतो. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडाफार झिरपतो, हे खरं. पण एका उन्हाळ्यात गार हवा बंद पडावी इतका नाही. तेवढा कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि कमी झालेलाच नसेल, तर दोष भलतीकडेच आहे.

फिरण्याचा मार्ग असा. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. रेडिएटरच्या पुढ्यात असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग ड्रायर, आणि त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं बारीक छिद्र. छिद्रापलीकडे डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब एकदम पडतो आणि द्रव उकळायला लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. गाडीतली उष्णता उचलायची आणि बंपरमागे नेऊन टाकायची, एवढाच हा व्यवहार. त्यातलं ‘टाकणं’ अडलं तरी आत गार होत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. एसी हायवेवर बरा चालतो आणि सिग्नलला थांबलं की कोमट होतो का? तसं असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यायचा. वेगात असताना समोरून आदळणारा वारा पंख्याचं काम करतो. चांदणी चौकातल्या गर्दीत ते काम पंख्यालाच करावं लागतं. बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि हात दूर ठेवून पाहा. थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर. रिलेची किंमत मोटरच्या मानाने किरकोळ असते, म्हणून तो आधी बदलून पाहावा. पंखा ठीक असेल तर कंडेन्सरची जाळी बघा. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल आणि मेलेले किडे तिथे जाऊन बसतात. हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या दुमडतात.

हवा गार आहे पण कमी येते? ग्लव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. दोन उन्हाळे न बदललेला फिल्टर हातात घेतला की पुढचं सांगावं लागत नाही. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो? रेझिस्टर गेला. तासाभराने हवा कमी होते आणि एसी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा नीट येते? कॉइलवर बर्फ धरतोय, तापमान मोजणारा सेन्सर तपासून घ्या. यातल्या एकाही दुखण्यावर गॅस हा इलाज नाही.

हवा भरपूर येते पण गरमच, असं असेल तर कॉम्प्रेसरकडे वळायचं. एसीचं बटण दाबल्यावर मॅग्नेटिक क्लचचा ‘टक्’ आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. (काही नव्या कॉम्प्रेसरांना क्लच नसतोच, तिथे ही परीक्षा चालत नाही.) टक् झालं नाही म्हणजे कॉम्प्रेसर मेला, असं नव्हे. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच मुद्दाम क्लचला वीज देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गॅस नसताना तो सुकाच घासला जातो. हा स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर ‘चालवून दाखवणारे’ महाभाग असतात. त्यांच्या हातात गाडी देऊ नये.

आता गेज. निळं लो साइडचं, लाल हाय साइडचं. इथे मेकॅनिकची खरी परीक्षा होते, आणि आपलीही. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच ठिकाणी उभे राहतात. ३० अंशांच्या हवेत साधारण ९७ पीएसआयवर. ‘बघा, गॅस आहे’ किंवा ‘बघा, गॅस कमी आहे’ असं कुणी या काट्यावरून सांगू लागला तर सावध व्हा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत शेगडीची ज्योत सारखीच राहते, शेवटच्या दिवशी कळतं, तसंच इथे. आत जरासा द्रव उरला असला तरी थांबलेल्या गाडीतला दाब तेवढाच. तो फक्त तापमान सांगतो, वजन सांगत नाही.

चालू गाडीतले काटे बोलके असतात, पण त्यांना हवामान विचारून वाचावं लागतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या घरात असतो. कंडेन्सरमधल्या गॅसने उष्णता बाहेर टाकायची तर तो त्या हवेपेक्षाही गरम हवा. समजा ६० अंश. आर-१३४ए ६० अंशांना द्रव होतो तो साधारण २३० पीएसआय दाबाला. म्हणजे तिथे लाल काटा २३०वर दिसला तर ते चांगलंच लक्षण. महाबळेश्वरात २० अंशांच्या सकाळी तोच आकडा दिसला तर काहीतरी अडलंय. निळ्या बाजूला २८ पीएसआय म्हणजे कॉइलमध्ये शून्य अंश. त्याच्या फार खाली गेलं की बर्फ. दोन्ही काटे पडलेले असतील तर बहुधा गॅस कमी. दोन्ही चढलेले असतील तर गॅस जास्त, नाहीतर कंडेन्सर गुदमरलेला. लाल खाली आणि निळा वर, म्हणजे कॉम्प्रेसर दाबतच नाही. निळा शून्याच्याही खाली ओढला जात असेल तर वाटेत कुठेतरी तुंबलंय.

गॅस कमी निघाला तर आधी गळती शोधायची. चांगला मेकॅनिक हे डोळ्यांनी सुरू करतो. गॅस बाहेर पडताना तेल घेऊन पडतो, त्यावर धूळ चिकटते. म्हणून पाइपाच्या जोडावर काळपट, ओलसर वर्तुळ दिसलं की बोट तिथेच ठेवायचं. मग नायट्रोजन भरून साबणाचा फेस. बऱ्याचदा फुगे येतात ते गॅस भरायच्या व्हॉल्व्हच्या पिनेतून किंवा एखाद्या ओ-रिंगमधून, आणि अशी दुरुस्ती चहाच्या पैशांत होते. खडा लागून कंडेन्सरला बारीक भोक पडलं असेल तर खर्च वाढतो. ‘लीक स्टॉप’चे डबे आत ओतू देऊ नका, ते भोक बुजवतात तसंच एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवतात.

गळती मिटल्यावर व्हॅक्युम. इथेच घाई होते. पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे. तो हवा तर काढतोच, शिवाय इतक्या कमी दाबाला आत शिरलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन जातं. पाणी राहिलं तर ते व्हॉल्व्हच्या छिद्रावर गोठतं, तेलाशी मिळून आतून गंज आणतं. पंप बंद केल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर गळती अजून आहे, गॅस भरूच नये.

भरायचा तो वजनावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम छापलेले असतात. लहान गाड्यांत बहुधा तीनशे ते पाचशेच्या दरम्यान. पाइप हाताला गार लागला की ‘झालं’ म्हणणारा मेकॅनिक सहज शंभर ग्रॅम इकडेतिकडे करतो, आणि एवढ्या लहान मापात शंभर ग्रॅम म्हणजे फार. सिलिंडरवरचं नावही पाहून घ्या. बनावट आर-१३४एमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं सापडलं आहे, आणि ते ॲल्युमिनियमशी भिडतं. २०११मध्ये अशाच गॅसमुळे जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगार दगावले.

जुना गॅस काढताना बरेच जण व्हॉल्व्ह दाबून ‘फुस्स’ करतात. वातावरण तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. म्हणजे चारशे ग्रॅमचा तो एक फुस्कारा साडेपाचशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत हा गॅस चालत नाही, तो यामुळेच. गॅस परत ओढून घेणारं यंत्र असलेलं गॅरेज शोधावं.

आणि गळती कूलिंग कॉइललाच असेल तर? बाहेर कुठेच डाग सापडत नाही, गॅस मात्र जातो. अशा वेळी पाणी निथळायच्या नळीपाशी डिटेक्टर धरतात. ते वाजलं की बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि बिलात कॉइलपेक्षा मजुरी मोठी निघते. तेव्हा स्वस्तातली जोडलेली कॉइल बसवू नका, नवीच घ्या. त्याच वेळी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर आणि सगळ्या ओ-रिंगा बदलायला सांगा, आणि डॅशबोर्ड परत बसण्याआधी व्हॅक्युमचा काटा स्वतः उभं राहून पाहा.

(पुढच्या आठवड्यात : एसीचा कुबट वास आणि पायाशी साचणारं पाणी)