सर्वांनी मिळून लिहिलेल्या कोडचा मालक कोण?

२००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा मुक्त नकाशा स्वयंसेवकांनी रस्ता न् रस्ता नोंदवून उभा केला. पुढे त्याचा परवाना बदलायचे ठरले, तेव्हा प्रत्येक योगदानकर्त्याची संमती मागावी लागली, कारण नोंदींवरील हक्क ज्याचे त्याच्याकडेच होते. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, त्यांच्या नोंदी २०१२च्या जुलैत वगळण्यात आल्या. नकाशातून तयार रस्ते नाहीसे झाले आणि ते पुन्हा काढावे लागले.

लिनक्सची स्थिती याहून बिकट. त्याचा गाभा हजारोंनी लिहिला आणि स्वामित्वहक्क कोणा एका संस्थेकडे सोपवलेले नाहीत. जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, तरी लिनक्स दुसरीवरच राहिले. लिनस टॉरव्हाल्ड्स यांना तिसरी आवृत्ती पटली नव्हती हे खरे; पण पटली असती, तरी इतक्या हक्कधारकांना गाठणार कोण?

एकत्र काम केले की मालकीही आपोआप संयुक्त होते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी कायद्यात योगदाने एकजीव व्हावीत असा लेखकांचा हेतू रचनेच्या वेळीच असावा लागतो; ब्रिटन व भारतात कोणाचा वाटा कोणता हे वेगळे काढता येऊ नये, ही कसोटी आहे. मालकी संयुक्त ठरली तरी गुंता सुटत नाही. अमेरिकेत एक सहमालक इतरांना न विचारता कृती वापरण्याची परवानगी देऊ शकतो (अनन्य हक्क मात्र नाही, आणि नफ्याचा हिशेब द्यावा लागतो). ब्रिटनमध्ये सर्वांची संमती लागते. सिअ‍ॅटल आणि लंडनमधील दोन मित्रांनी मिळून अ‍ॅप तयार केले, तर हा फरक त्यांना महागात पडू शकतो.

नोकरदार अभियंत्यासाठी मात्र खरी मेख नेमणुकीच्या करारात आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक या तिन्ही देशांत सामान्यतः कंपनीच असते आणि अनेक करार त्यापलीकडचेही हक्क लिहून घेतात. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८७० स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधने न वापरता लावलेल्या शोधाला संरक्षण देते. तो कंपनीच्या व्यवसायाशी वा संभाव्य संशोधनाशी निगडित असेल, तर देत नाही. बड्या कंपन्यांचा पसारा पाहता, न निगडित असे उरते तरी काय?

लिनक्सला पाठवलेल्या प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हे काम देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे तीतून जाहीर होते. त्या ओळीत नाव अभियंत्याचे असते, कंपनीचे नव्हे.