एकांतातला हिशेब

एकटेपण आणि एकांत हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण एकटेपण आपल्यावर येऊन पडते, एकांत मात्र करावा लागतो. आलेल्या एकटेपणाचा एकांत करणारी दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. एक आपले तुकोबा, दुसरा कादंबरीतला रॉबिन्सन क्रूसो.

देहूच्या तुकोबांचे घर वाण्याचे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. लोकांत वावरण्याची लाज वाटू लागली, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. अशा वेळी माणूस देवाला दोष देतो, नाहीतर नवस बोलतो. तुकोबा भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. तिथेही ते अगदी एकटे नव्हते. आधीच्या संतांची वचने त्यांनी आदराने पाठ केली, त्यांची सोबत घेतली. परंपरा असे सांगते की, भावाच्या वाट्याची कर्जखते त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली. जुना हिशेब संपला, नवा स्वतःशी सुरू झाला.

हिशेबाचा हाच धागा क्रूसोच्या गोष्टीतही सापडतो. तिचा लेखक डॅनियल डीफो लंडनचा व्यापारी. १६९२ मध्ये त्याचेही दिवाळे निघाले होते. १७१९ मध्ये आलेली त्याची ही कादंबरी आपण लहानपणी साहसकथा म्हणून वाचतो आणि तिथेच सोडतो. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो जमाखर्चासारखे दोन रकाने आखतो. एकात आपले दुर्दैव, दुसऱ्यात त्यातही हाती उरलेले भाग्य. पुढे तापाने फणफणलेला असताना पेटीत तंबाखू शोधायला जातो आणि बायबल हाती लागते. ते वाचता वाचता त्याचे मागणेच बदलते. आधी बेटावरून सुटका हवी होती. आता स्वतःच्या जुन्या वागणुकीच्या ओझ्यातून सुटका हवी असते.

म्हणून पुढे सारे सुरळीत झाले का? नाही. एके दिवशी वाळूत माणसाच्या पावलाचा ठसा दिसतो आणि क्रूसोची वर्षानुवर्षांची श्रद्धा भीतीने डळमळते. तुकोबांचीही कसोटी लागली. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसून राहिले, अशी कथा आहे. त्यांच्या अभंगांत देवाशी केलेले कडकडून भांडणही आहे. एकांत शंका संपवत नाही, शंकेसकट उभे राहण्याचे बळ देतो.

डोंगरावर गेलेले तुकोबा गावाला कायमचे अंतरले नाहीत. ते कीर्तनाला लोकांत उभे राहिले. एकांतात जे गवसले ते त्यांनी वाटून टाकले.

आपल्याला डोंगर गाठायची गरज नाही आणि बेटही नको. रात्री टीव्ही बंद करावा, मोबाइल दूर ठेवावा आणि दहा मिनिटे दोन रकाने मनाशी आखावेत. एखाद्या रकान्यात काय लिहावे ते सुचणार नाही. त्या दिवशी तो कोरा राहू द्यावा, पण वही मिटू नये.