लोखंडाला घडवणारं लोखंड

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत फोर्जिंगच्या कारखान्याजवळून कधी गेलात, तर 'धाड्... धाड्...' असा आवाज येईल आणि पायाखालची जमीन थरथरेल. आत काय चाललंय, ठाऊक आहे? भट्टीतून सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला तापलेला, पिवळाधमक पोलादाचा तुकडा निघतो, साच्यात बसतो, वरून हॅमर आदळतो आणि गाडीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड आकाराला येतो! पुण्याच्या भारत फोर्जमध्ये तर ट्रकचे भले मोठे क्रँकशाफ्ट असेच घडतात.

हा साचा म्हणजे डाय. मोदकाच्या साच्यासारखे तिचे दोन भाग असतात. पण तीही पोलादाचीच! मग तापलेलं पोलाद दबतं आणि डाय मात्र शाबूत राहते, हे कसं?

एक तर तिला तापायला वेळच कमी मिळतो. दोघांची गाठ क्षणभराची, आणि दोन घावांच्या मध्ये डायवर ग्रॅफाइट मिसळलेलं पाणी फवारतात. तरीही तिचा पृष्ठभाग ५००-६०० अंशांपर्यंत पोचतो. एवढ्या उष्णतेत साधी कानस आपला कडकपणा गमावून बसेल.

म्हणून डायसाठी खास पोलाद लागतं. एच-१३ हे त्यातलं नावाजलेलं. त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम, सव्वा ते दीड टक्का मॉलिब्डेनम आणि १ टक्का व्हॅनेडियम असतं. हे पोलाद हजार अंशांच्या वर तापवून गार करतात. मग ५५० ते ६०० अंशांना दोन-तीन वेळा पुन्हा शेकतात. खरी जादू इथेच होते! शेकताना या धातूंची कार्बनशी जोडी जमते आणि कार्बाइडचे कण तयार होतात. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक! व्हॅनेडियमचं कार्बाइड तर गारगोटीपेक्षाही कठीण असतं. हे कण आतून पोलादाला धरून ठेवतात. ज्या उष्णतेत ते जन्मले, तिच्या खाली ते सहसा बदलत नाहीत, म्हणून डाय गरम असूनही कडक राहते. उष्णता त्यापलीकडे गेली की मात्र कण वाढून विरळ होतात आणि पोलाद मऊ पडू लागतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तापलेल्या तुकड्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळी खपली धरते. कारखान्यात तिला स्केल म्हणतात. ही खपली डायला घासून झिजवते. पण डायच्या स्वतःच्या अंगावर अशीच एक पातळ, घट्ट साय धरली, तर तीच तिचं रक्षण करते! धातू थेट धातूवर घासला जात नाही आणि झीज कमी होते. अर्थात खालचं पोलाद कडक हवं. ते मऊ पडलं, तर ही साय तडकून निघते आणि झीज एकदम वाढते.

तरीही काही हजार तुकडे घडवल्यावर डाय झिजतेच. मग तिचा वरचा थर कापून आकार पुन्हा कोरतात आणि ती परत कामाला लागते.

घरात किंवा गॅरेजात असा डायमध्ये घडवलेला पाना असेल, तर त्यावरची उठावाची अक्षरं नीट पाहा. ती डायमध्ये खोल कोरलेली होती. अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या, तर तो पाना झिजत आलेल्या डायमधून निघाला असण्याची शक्यता आहे.